आवाज येतोय, पण पडदा काळा: एलईडी टीव्हीतला बिघाड कुठे आहे ते कसं ओळखायचं

मालिकेतले संवाद ऐकू येतात, रिमोटने चॅनेल बदलतं, आवाज कमी-जास्त होतो, आणि पडदा मात्र काळाकुट्ट. एलईडी टीव्हीची ही अगदी नेहमीची तक्रार. तिच्यावर "पॅनल गेलं, आता नवीनच घ्या" हे उत्तरही फार पटकन मिळतं. पॅनल जातं, नाही असं नाही. पण आवाज नीट येतोय याचा अर्थ वीज आत पोहोचतेय, मेन बोर्ड चालू आहे आणि चॅनेलचा सिग्नल तो वाचतोय. बिघाड बहुधा त्याच्या पुढे कुठेतरी आहे, आणि त्या वाटेवर पॅनलच्या तुलनेत स्वस्तात बदलता येणाऱ्या बऱ्याच गोष्टी आहेत. म्हणून पैसे मोजायच्या आधी तुमच्या पडद्यावरचा अंधार कोणत्या जातीचा आहे, तेवढं स्वतः बघून घ्या. त्याला मोबाइलचा टॉर्च पुरतो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो त्याचा पडदा एलसीडीच असतो, आणि ती काच स्वतः उजेड देत नाही. आकाशकंदील आठवा: चित्र कागदावर आहे, उजेड आतल्या दिव्याचा. दिवा विझला तरी कागदावरचं चित्र जागेवरच असतं, फक्त दिसत नाही. टीव्हीत हा दिवा म्हणजे पॅनलच्या मागे किंवा कडेला बसवलेल्या एलईडीच्या पट्ट्या, म्हणजे बॅकलाइट. ओएलईडी टीव्हीत बॅकलाइट नसतो, तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. त्यामुळे खालची टॉर्चची परीक्षा ओएलईडीला लागू नाही.

टीव्हीला दोष देण्याआधी

रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. मेनू स्वच्छ दिसला तर टीव्हीचा पडदा ठणठणीत आहे. दोष सेट-टॉप बॉक्सकडून येणाऱ्या वाटेवर आहे.

बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरने जोडलेला असेल तर पिवळी पिन बघा. चित्र एकट्या पिवळीतून येतं, लाल आणि पांढरी आवाजाच्या. पिवळी सैल झाली किंवा तिची तार आत तुटली की नेमकं हेच होतं: आवाज सुरू, चित्र गायब. काही टीव्हींत पिवळीसाठी वेगळं भोक नसतं, ती हिरव्या भोकात लावायची असते आणि तिथे हिरव्या-पिवळ्या दोन्ही रंगांची खूण असते. काही टीव्हींना तीन पिनांऐवजी ३.५ मिमीचा एकच जॅक लागतो. या जॅकच्या आतली जोडणी सगळ्या कंपन्यांची सारखी नसते. बाजारातली कुठलीही वायर आणून लावली की आवाज येतो आणि चित्र येत नाही, किंवा नुसती घरघर ऐकू येते. अशा वेळी टीव्हीसोबत आलेलीच वायर शोधून लावा. एचडीएमआय असेल तर वायर आणि पोर्ट दोन्ही बदलून बघा. आणि बॉक्सवर चुकून आकाशवाणीचं चॅनेल लागलेलं नाही ना, तेही बघा. घरातल्या मोठ्यांच्या हातून रिमोटवर भलताच आकडा दाबला जातो, आणि रेडिओच्या चॅनेलला चित्र नसतंच.

मेनूही दिसत नसेल तर 'पिक्चर ऑफ' किंवा 'स्क्रीन ऑफ' चालू झालंय का बघा. नुसती गाणी ऐकताना वीज वाचावी म्हणून ही सोय दिलेली असते. आवाजाची बटणं सोडून दुसरं कुठलंही बटण दाबलं की सहसा चित्र परत येतं. तरीही काही झालं नाही तर प्लग भिंतीतून काढा (रिमोटने बंद करून भागणार नाही), टीव्हीवरचं पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, ५ मिनिटं थांबा आणि मग लावा. बोर्डवरचं सॉफ्टवेअर अडकलं असेल तर एवढ्याने सुटतं.

टॉर्चची परीक्षा

रात्री करा, किंवा खिडक्यांवर जाड पडदे ओढा. टीव्ही लावून मेनूचं बटण दाबा. हलतं दृश्य अंधुक उजेडात ओळखू येत नाही, मेनूतली अक्षरं मात्र ओळखू येतात. मोबाइलचा टॉर्च काचेपासून दोन-तीन बोटांवर, तिरका धरा. नजर टॉर्चच्या चकाकीवर ठेवू नका, तिच्या बाजूला ठेवा, आणि टॉर्च हळूहळू पूर्ण पडद्यावरून फिरवा. काळ्या पाण्याखाली काहीतरी लिहिलेलं असावं तशी मेनूची अक्षरं, चॅनेलचा लोगो किंवा चेहऱ्याची कड दिसते का बघा. घाईने नाही दिसत. मेनू आपोआप जातो, तो पुन्हा पुन्हा लावा.

अंधुक का होईना, चित्र दिसलं तर पॅनल जिवंत आहे आणि बॅकलाइट गेलाय. टीव्ही लावल्यावर एक-दोन सेकंद चित्र चमकून मग अंधार होत असेल तर निदान जवळजवळ तेच. दिव्यांची साखळी तुटली किंवा बिघडली की ड्रायव्हर (दिव्यांना वीज पुरवणारं सर्किट) ते ओळखून स्वतःला बंद करतो.

टॉर्चने काहीच दिसलं नाही, तर अंधारातच पडद्याकडे बघत टीव्ही रिमोटने बंद करा. बंद होताच काळा रंग आणखी काळा झाला, म्हणजे आधी पडद्यावर राखाडी किंवा निळसर झाक होती, तर बॅकलाइट चालू आहे आणि चित्र तयार होत नाहीये. मग संशय टी-कॉन बोर्ड (मेन बोर्डकडून आलेलं चित्र पॅनलला पुरवणारा छोटा बोर्ड), त्या दोन बोर्डांना जोडणारी एलव्हीडीएस केबल, मेन बोर्ड किंवा खुद्द पॅनलवर जातो. बंद केल्यावर काहीच फरक पडला नाही तर उजेडही नाही आणि चित्रही नाही. तेव्हा बोर्डांना मिळणारे व्होल्टेज मोजायला लागतात.

काही टीव्हींत पुढचा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा तितक्याच वेळा लुकलुकतो. हा आकडा मोजून लिहून ठेवा. तो कंपनीचा बिघाडाचा कोड असतो, आणि सर्व्हिस सेंटरला फोनवर तेवढा सांगितला तरी त्यांना दिशा मिळते.

उघडण्याआधी

वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूला हात लावू नका, कंपनीला फोन करा. वॉरंटी संपली असेल आणि मल्टिमीटर हाताळायची सवय नसेल तर इथेच थांबा. वरचं निदान घेऊन दुकानात गेलात तरी निम्मं काम झालंय.

उघडणार असाल तर पॉवर बोर्डवरचा मोठा फिल्टर कपॅसिटर (वीज साठवणारा दंडगोल भाग) आधी ओळखा. २३० व्होल्टची एसी डीसी झाली की त्यावर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. मोठ्या टीव्हींत पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं) सर्किट असतं, तिथे हा आकडा ३८० ते ४०० पर्यंत जातो. प्लग काढल्यावरही हा साठा काही वेळ टिकतो, आणि तो जीवघेणा आहे. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या तारांना जोडून कपॅसिटरच्या दोन पायांवर ८-१० सेकंद धरा, मग मीटरने मोजून व्होल्टेज १० च्या खाली आल्याची खात्री करा. स्क्रू ड्रायव्हरने पाय शॉर्ट करण्याची पद्धत सोडून द्या. मोठी ठिणगी पडते, बोर्डची वाट लागते आणि डोळ्यालाही धोका असतो.

टीव्ही पालथा ठेवताना खाली जाड गोधडी पसरा, तिच्यावर बटण किंवा खडा राहिलेला नाही हे हाताने चाचपून घ्या, आणि काच काठापलीकडे लोंबकळू देऊ नका. स्क्रू कुठून काढला तसे कागदावर मांडून ठेवा. सगळे स्क्रू एका लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो आत बोर्डला किंवा पॅनलला लागतो.

झाकण निघालं की आधी नुसतं बघा. पालीची विष्ठा, मुंग्यांचं वारूळ, जळका काळा डाग, हिरवट गंज. किनारपट्टीवर खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, आणि पाली पॉवर बोर्डच्या उबेला हमखास येतात. मग कपॅसिटर बघा. त्यांचा माथा सपाट हवा. फुगला असेल किंवा बुडाशी तपकिरी द्रव आला असेल तर बदला. १२ व्होल्टच्या लाइनवर बहुधा ४७० किंवा १००० मायक्रोफॅरड, १६ किंवा २५ व्होल्टचे असतात. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढाच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि तापमान १०५ अंशांचं घ्या. ऋण बाजूची पट्टी उलटी बसवू नका.

दोष पट्ट्यांचा की ड्रायव्हरचा

बॅकलाइट गेलाय हे कळलं तरी पॅनल लगेच उचलू नका. दिव्यांची वायर पॉवर बोर्डवर येते (स्वस्त टीव्हींत पॉवर आणि मेन मिळून एकच बोर्ड असतो), आणि मागचं झाकण निघालं की तिचा कनेक्टर हाताशी येतो. प्लग काढून, साठा रिकामा करून तो कनेक्टर सोडवा आणि एलईडी स्ट्रिप टेस्टरची लाल पिन धन बाजूला, काळी ऋण बाजूला लावा. हा टेस्टर करंट मर्यादित ठेवून लागेल तेवढं व्होल्टेज देतो. त्याचं टोक ३०० व्होल्टपर्यंत जातं, म्हणून उघड्या टोकांना बोट लावू नका. पट्ट्या पेटल्या आणि पडदा एकसारखा उजळला तर पॅनल उचलायची गरजच नाही, दोष ड्रायव्हरमध्ये. पेटल्या नाहीत तर साखळी तुटली आहे. मल्टिमीटरच्या डायोड मोडवर इथे विसंबू नका. त्याचं व्होल्टेज एखाद्या ३ व्होल्टच्या दिव्याला जेमतेम पुरतं, सबंध साखळीला तर अजिबात नाही.

टेस्टरवर दिसणारा आकडाही वाचा. ६ दिव्यांच्या २ पट्ट्या सिरीजमध्ये आणि दिवे ३ व्होल्टचे असतील तर ३६ च्या आसपास दिसेल. दिवे ६ व्होल्टचे असतील तर ७२. अपेक्षेपेक्षा एका दिव्याएवढं कमी दिसलं तर कुठलातरी दिवा शॉर्ट झालाय.

पट्ट्या ठीक निघाल्या तर त्या पुन्हा जोडून टीव्ही चालू ठेवून मोजायचं. काळी पिन पॅनलच्या धातूच्या चौकटीवर, म्हणजे सेकंडरी ग्राउंडवर. प्रायमरी बाजूला, मोठ्या कपॅसिटरच्या आसपास, हात नेऊ नका. मेन बोर्डकडून येणाऱ्या कनेक्टरवर बीएल-ऑन किंवा ईएनए अशी खूण असलेली पिन असते. टीव्ही सुरू झाल्यावर तिथे ३ ते ५ व्होल्टच्या दरम्यान मिळायला हवेत. शून्य असेल तर मेन बोर्ड बॅकलाइटला हुकूमच देत नाहीये, आणि पॉवर बोर्ड बदलून काही होणार नाही. हुकूम येतोय, १२ व्होल्टही आहेत, पण दिव्यांच्या कनेक्टरवर व्होल्टेज वर चढतच नाही, तर ड्रायव्हरची आयसी, मॉस्फेट, डायोड किंवा फ्यूज बघा. दिव्यांच्या कनेक्टरवर व्होल्टेज क्षणभर उंच उडी मारून कोसळत असेल तर पुन्हा साखळीवरच संशय घ्या, कारण ती तुटल्यावर ड्रायव्हर असाच वागतो.

पट्ट्या बदलणं

बरेच जण पॅनल इथेच गमावतात. दिवा बदलायला म्हणून बसतात आणि काच मोडून उठतात. काच पातळ असते, आणि तिच्या कडेला चिकटवलेल्या तपकिरी लवचिक पट्ट्या त्याहून नाजूक. प्रत्येक पट्टीवर एक चिप असते आणि तिच्यातून बारीक तारा काचेत जातात. पट्टी जराशी दुमडली की पडद्यावर कायमची उभी रेघ. म्हणून ३२ इंचीलाही दोन माणसं हवीत.

पॅनलकडे जाणाऱ्या रिबन केबल आधी सोडवा. मग टीव्ही उताणा करून पुढची चौकट काढा, क्लिपा नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने एकेक सोडवत. कडेचा लांबट बोर्ड चौकटीतून मोकळा करा, काच सक्शन कपने दोघांनी एकदम उचला, आणि तो बोर्ड काचेसोबतच, न लोंबता, आधीच मोकळ्या केलेल्या स्वच्छ टेबलावर ठेवा. काचेखाली दोन-तीन पांढरट पापुद्रे असतात. ते सुटे करायच्या आधी एका कोपऱ्यावर टेपने खूण करा. त्यांचा क्रम किंवा बाजू उलटली तर चित्र पुसट दिसतं. बोटांचे ठसे उमटू देऊ नका, पंखा बंद ठेवा. आत गेलेला धुळीचा कण नंतर पांढऱ्या पडद्यावर डाग म्हणून कायम दिसत राहतो.

आता पट्ट्या समोर दिसतील. प्रत्येक दिव्यावर बशीसारखी एक भिंग असते. टेस्टरच्या पिना एकेका दिव्याला लावत गेलात की मेलेला दिवा सापडतो, आणि पुष्कळदा त्याच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो.

एकच मेला असेल तर तेवढाच बदलावा किंवा तारेने त्याला वळसा घालावा, असं मनात येतं. करू नका. बाकीचे दिवे तेवढेच तास तापलेले असतात, त्यांचीही वेळ जवळ आलेली असते, आणि काच पुन्हा उचलण्यात धोका पहिल्याइतकाच. शिवाय वळसा घातला की त्या जागी काळपट पट्टा दिसतो, आणि दोन साखळ्या समांतर असलेल्या टीव्हीत त्यांचं व्होल्टेज जुळत नाही म्हणून ड्रायव्हर पुन्हा बंद पडू शकतो. संपूर्ण सेट बदला.

सेट घेताना फक्त "३२ इंची" असं सांगून भागत नाही. जुन्या पट्टीवर छापलेला नंबर, दिव्यांची संख्या, ३ व्होल्ट की ६ व्होल्ट, लांबी, स्क्रूच्या भोकांची जागा आणि कनेक्टरची दिशा हे सगळं जुळायला हवं. जुनी पट्टी हातात घेऊनच जा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या भागात हे सुटे भाग मिळतात.

नवी पट्टी बसवताना मागचा धातू स्पिरिटने पुसा आणि पट्टी सबंध लांबीला दाबून चिकटवा. दिव्याची उष्णता याच धातूतून बाहेर जाते. पट्टी मध्येच उचललेली राहिली तर तिथला दिवा आधी जातो. भिंगं हलवून बघा. एखादं निसटलं तर पडद्यावर त्या जागी पांढराशुभ्र गोल दिसतो. पांढरे पापुद्रे घालण्याआधी सगळ्या पट्ट्या टेस्टरवर १५-२० मिनिटं पेटवून ठेवा, एखादी लुकलुकते का बघा, आणि मगच काच वर ठेवा.

टीव्ही लागला की पहिलं काम सेटिंगमध्ये. पिक्चर मोड 'विविड' किंवा 'डायनॅमिक' असेल तर 'स्टँडर्ड' करा आणि बॅकलाइट १०० वरून ६० ते ७० वर आणा. पट्ट्या मरतात त्या उष्णतेने, आणि बॅकलाइट कमी म्हणजे दिव्यांत करंट कमी. बॅकलाइट आणि ब्राइटनेस ही दोन वेगळी सेटिंगं असतील तर ब्राइटनेस कमी करून उपयोग नाही, त्याने फक्त चित्रातला काळा रंग बदलतो. काही कंपन्यांच्या नव्या टीव्हींत मात्र ब्राइटनेस हेच बॅकलाइटचं नाव आहे. कमी केल्यावर पांढरा रंगही मंद झाला की योग्य सेटिंग सापडलं समजा.

उजेड आहे, चित्र नाही

इथे पहिला इलाज फुकटचा आहे. प्लग काढून मेन बोर्डपासून टी-कॉनपर्यंत जाणारी एलव्हीडीएस केबल दोन्ही टोकांनी काढा, पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या आणि लॉक नीट बसवून पुन्हा लावा. दमट हवेत हा इलाज लागू पडण्याची शक्यता चांगली असते.

नाही जमलं तर टी-कॉनवरचा छोटा फ्यूज शोधा. त्यावर 'एफ' आणि आकडा अशी खूण असते. बहुतेक पॅनलला १२ व्होल्ट लागतात, काही छोट्यांना ५ किंवा ३.३. फ्यूजच्या एका बाजूला व्होल्टेज आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर तो उडालाय. तो उगाच उडत नाही, पुढे शॉर्ट असतो. तसाच नवा घातला तर तोही जाईल. टी-कॉनमधून पॅनलकडे दोन रिबन जात असतील तर प्लग काढून एक सोडवा आणि टीव्ही लावा. मग दुसरी. एक काढल्यावर उरलेल्या अर्ध्या पडद्यावर चित्र आलं तर जी काढलीत त्या बाजूच्या पॅनलमध्ये शॉर्ट आहे. दोन्ही वेळा काहीच नाही आणि टी-कॉनला वीज मिळतेय, तर टी-कॉन बदलून बघण्यात अर्थ आहे. नवा बोर्ड घेताना त्यावरचा पूर्ण नंबर जुळवा.

आधी कुणी युनिव्हर्सल बोर्ड (वेगवेगळ्या टीव्हींना चालणारा तयार मेन बोर्ड) बसवला असेल तर त्यावरचा पॅनल व्होल्टेजचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) बघा. त्यावर ३.३, ५ आणि १२ अशा जागा असतात. ५ व्होल्टच्या पॅनलला १२ दिले गेले तर टी-कॉन जळतो.

काचेला तडा असेल, किंवा टॉर्चने अर्धाच भाग दिसत असेल आणि बाकीच्या भागात रेघा असतील, तर बहुधा पॅनलच गेलंय. छोट्या टीव्हीत नव्या पॅनलची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते, तिथे थांबलेलंच बरं. बॅकलाइटला सीसीएफएलच्या नळ्या असलेला जुना एलसीडी असेल तर तो भंगारात फोडायला देऊ नका. नळ्यांत पारा असतो. नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या.

दुरुस्ती दुकानात करून घेणार असाल तर टॉर्चने दिसलेलं आधीच सांगा आणि ते तुमच्यासमोर करून दाखवा. पट्ट्यांचा सेट पूर्ण बदलणार का, हे ठरवून घ्या आणि जुन्या पट्ट्या परत मागा. टीव्ही ताब्यात घेताना पूर्ण पांढरं चित्र लावून अर्धा तास तिथेच चालू ठेवायला सांगा. पांढरे गोल, धुळीचे डाग आणि कडेची नवी रेघ त्या अर्ध्या तासात दिसून जातात.